चौथा हिस्सा

काजलने कूलरच्या पंपाचं बटण बंद केलं आणि पंखा तेवढा फिरता ठेवला. वाळ्याच्या ताट्यांवरून ओघळणारं पाणी थांबलं. खोलीत आधी गार, मग नुसतं, मग जरा कोमट वारं यायला लागलं.

"अवं, जीव घेतं का," पलंगावरून शामलाआत्या म्हणाली.

"आत्या, आता हवा ओली झाली. ओल्या हवेत ओला कूलर लावला की सर्दी होते. आज पंप बंद, दोन दिवसांनी पंख्याचा वेग कमी, मग खिडकी. हळूहळू."

"त्या वैद्याकडे तुले नेलं, तीच चुकी झाली."

चूक असेल तर ती बाबांच्या पोटाची होती. उन्हाळा सरत आला तसं त्यांचं पोट बिघडलं. जेवण जाईना, जे जाईल ते पचेना. म्हणून बाबा, आत्या आणि काजल तिघंही लकडगंजातल्या गोपाळराव वैद्यांकडे गेले. वैद्यांनी बाबांची नाडी पाहिली आणि बोलले मात्र काजलशी, कारण प्रश्न तीच विचारत होती. एक ऋतू संपून दुसरा लागतो ना, ते दिवस अंगाला कळत नाहीत, ते म्हणाले. अंग अजून उन्हाळ्यातच असतं. म्हणून माठाचं पाणी, कैरीचं पन्हं, दुपारची झोप हे एकदम सोडायचं नाही. चौथा हिस्सा सोडायचा, त्या जागी नव्या सवयीचा चौथा हिस्सा आणायचा. मग पुन्हा चौथा. एकदम सोडलं की अंग रुसतं.

काजलला हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून घराचा कारभार तिच्याकडे आला. माठ पाऊणच भरायचा. रात्री दही नाही. सुंठ घातलेलं कोमट पाणी सगळ्यांनी प्यायचं, बाबांनी तोंड वाकडं न करता प्यायचं. आत्याच्या ठेच्यातल्या मिरच्या तिने स्वतः मोजून बाजूला काढल्या. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी ही पोरगी, आत्या शेजारणीला सांगायची, आता घरात कलेक्टर झाली.

सगळं नीट चाललं होतं. आत्या सोडून.

आत्या रोज काजलच्या डोक्याला तेल लावून दोन वेण्या घालून द्यायची. आईची बदली गडचिरोलीला झाली आणि आत्या नरखेडहून इकडे राहायला आली, तेव्हापासूनचं ते होतं. एका सकाळी आत्याने तेल लावलं, भांग पाडला आणि कंगवा काजलच्या हातात दिला.

"पुढचं तू कर."

काजलला वाटलं, हात दुखत असेल. मग डबा आला. भाजी आत्याची, पोळ्या काजलने लाटायच्या. पोळ्या वाकड्या झाल्या तरी आत्या बोलली नाही, हे जास्तच विचित्र होतं. मग काजल ट्यूशनला निघाली की फाटकाशी येऊन उभी राहणारी आत्या दारातूनच 'जाय' म्हणायला लागली. आणि परवा तर तिने आपली खाट काजलच्या खोलीतून उचलून बैठकीत नेली.

"इकडे वारं येते," ती म्हणाली. बैठकीत वारं कधीच येत नव्हतं.

रागच असणार. ठेच्याचा, नाहीतर झोपेचा. काजलने वाटाघाटी केल्या. सगळ्या मिरच्या परत दिल्या. "आज दुपारी झोप तू, मी काही नाही म्हणत," असंही सांगितलं.

"नको वं. सवय सुटून राहिली आता," आत्या म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

काजलने बाबांना गाठलं. ते स्कूटर पुसत होते.

"बाबा, आत्या माझ्यावर रागावली का?"

"तुझ्यावर रागवायची हिंमत कोणात हाय? मी साधं दही मागू नाही शकत."

"मी खरं विचारून राहिली."

बाबांनी आरसा पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसला. "तिलेच विचार," ते म्हणाले.

घरात खरं तर आनंद होता. आईची बदली रद्द होऊन ती पुढच्या आठवड्यात कायमची परत येणार होती. काजलने मनात जागाही ठरवून टाकल्या होत्या. आई-बाबा त्यांच्या खोलीत, ती आणि आत्या इकडे, स्वयंपाक दोघींनी वाटून घ्यायचा. अशा वेळी आत्याने असं का करावं, हे तिला कळत नव्हतं. आकाशाचंही तसंच चाललं होतं. सकाळी ढग भरून यायचे, दुपारी ऊन भाजून काढायचं. घाम यायचा आणि वाळायचा नाही.

संध्याकाळी आत्या बैठकीत खाटेवर गवार मोडत बसली होती. काजल समोर उभी राहिली.

"मी काय केलं ते एकदाचं सांगून टाक."

"काय केलं तू?"

"तेच विचारून राहिली ना. वेणी काहून नाही घालत? खाट काहून हलवली?"

आत्याने एका शेंगेची शीर सावकाश काढली.

"कूलर तू एकदम बंद केला का?"

"नाही. आधी पंप केला, मग पंखा कमी..." काजल थांबली.

आत्या गवारीकडेच पाहत होती.

"तुझी आई येईल त्या दिवशी मी पिशवी उचलून गेली असती, त तुले एकदम लागलं असतं."

"मले?"

"तुले म्हण. मले म्हण."

काजल खाटेच्या कडेवर बसली. "पण तू काहून जाशील? घरात जागा हाय."

"जागा हाय वं. पण वेण्या मी घालत बसली, त तुझ्या आईनं काय करावं? पाहत बसावं?"

काजलला दिवाळी आठवली. आई चार दिवसांसाठी आली होती. तिने कंगवा घेतला तेव्हा काजल पटकन म्हणाली होती, 'आत्या घालते तशी घाल, घट्ट.' आईचा हात तेव्हा केसांतच थांबला होता. आत्या त्या वेळी दारात होती आणि काहीतरी आणायला म्हणून आत निघून गेली होती. तेव्हा काजलला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

"आता सोडायचं किती राहिलं?" तिने विचारलं.

"थोडंसं."

बाहेर कोणीतरी गाडी लावली. आत्याने मोडलेल्या शेंगा ताटात एका बाजूला केल्या.

काजल उठली. आत गेली, आणि थोड्या वेळाने तिची खाट फरशीवरून करकरत बैठकीत आली. दारात अडकली, तिरकी झाली, सुटली. तिने ती आत्याच्या खाटेला लावली. मध्ये बोटभरही जागा सोडली नाही.

"हे काय?" आत्या म्हणाली.

"मध्येच एखाद्या दिवशी मोडलं, त पुन्हा पहिल्या चौथ्या हिश्शापासून सुरू करावं लागते. वैद्यकाका म्हणाले होते."

गोपाळराव असं काहीच म्हणाले नव्हते. आत्या तेव्हा काजलच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेली होती.

"असं म्हणाले का?"

"हो."

आत्याने गवारीचं ताट उचललं, दोन्ही खाटांच्या मधोमध ठेवलं आणि अर्ध्या शेंगा काजलच्या बाजूला सारल्या.