संध्याकाळची पारख

नंदकुमारांनी रेवा कुत्रीच्या जबड्यात दोन बोटं घालून फेरेट सोडवलं, तेव्हा ते अजून गरम होतं. मान मात्र लोंबत होती. ते लांबट, तपकिरी, मुंगसासारखं अंग त्यांनी कोटाच्या खिशात ठेवलं, बिळांच्या तोंडांवर पसरलेल्या जाळ्या एकेक करून गोळा केल्या आणि कुत्रीकडे न बघता घराकडे चालायला लागले. रेवा शेपूट हलवत त्यांच्या मागून निघाली. काम चांगलं झालं असंच तिला वाटलं असावं.

सुमित्राने स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांना येताना पाहिलं आणि गॅस बंद केला.

नंदकुमार आत आले. त्यांनी खिशातलं फेरेट वर्तमानपत्रावर ठेवलं आणि सिंकपाशी उभं राहून कोपरापर्यंत हात धुतले. ऑपरेशन थिएटरमधली ती सवय रिटायर झाल्यावरही गेली नव्हती.

"रेवाने मारलं," ते म्हणाले. "आसावरीला फोन केलाय. उद्या सकाळी येतेय."

"कशाला?"

"इंजेक्शन देऊन पुट डाउन करायचं तिला."

"अहो, तिच्या पोटात पिल्लं आहेत."

"म्हणूनच. फेरेट मारणारीची पिल्लं मला नकोत. तुला रूल माहितेय."

रूल सुमित्राला माहीत होता. मिरजेत शिकलेला तिचा हा हाडांचा डॉक्टर नवरा आयुष्यभर परदेशात, हर्नडनच्या आसपास प्रॅक्टिस करून निवृत्त झाला, आणि अ‍ॅशबर्नपासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी त्याने सफरचंदांची बाग घेतली. पहिल्याच हिवाळ्यात सशांनी कोवळ्या झाडांच्या साली कुरतडून अर्धी बाग वाळवली. ससे ग्राउंडहॉग या घुशीसारख्या प्राण्याच्या जुन्या बिळांत दडायचे. शेजारच्या एका म्हाताऱ्याने उपाय शिकवला. बिळात पाळीव फेरेट सोडायचं. घाबरून ससा बाहेर उडी मारतो, आणि जाळीतून निसटलाच तर तो कुत्र्याने धरायचा. त्याच बिळातून मागाहून फेरेटही बाहेर येतं. त्याला मात्र कुत्र्याने तोंड लावायचं नाही.

असं कुत्रं विकत मिळत नाही, ते घडवावं लागतं, हे नंदकुमारांना फार आवडलं. व्हिपेटचा वेग, बेडलिंग्टन टेरियरचा चिवटपणा, कोलीचं डोकं, असं सगळं एकमेकांत मिसळत त्यांनी स्वतःची जात तयार केली. या जातीची सगळी कुत्री बिळाशी दगडासारखी उभी राहायची, मान तिरकी करून, कान टवकारून. मित्र मुद्दाम बघायला येत. सुमित्रा त्या वेळी चहा करायची आणि बाहेर जायची नाही.

पारख वर्षभराचं कुत्रं झालं की व्हायची, आणि ती संध्याकाळी. अंधार पडता पडता नंदकुमार दोरीला बांधलेलं सशाचं कातडं गवतातून ओढायचे. त्यावर झेपावणारं कुत्रं उद्या फेरेटही धरेल, म्हणून ते बाद. जागेवर उभं राहून ऐकत राहणारं कुत्रं ठेवायचं, त्याच्यापासून पुढची वीण घ्यायची. बाद झालेल्यांतली काही लोकांनी नेली. जी कुणी नेली नाहीत ती बागेच्या मागच्या कुंपणाशी पुरलेली होती.

त्या रात्री रेवा नेहमीसारखी स्वयंपाकघरात झोपली. नंदकुमारांनी तिला बाहेर काढलं नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

आसावरी आली तेव्हा गवतावर अजून दहिवर गोठलेलं होतं. ती नागपूरची, जनावरांची डॉक्टर. तिचं क्लिनिक जवळच्या गावात होतं, आणि गौरीगणपतीला तिची पानावरची जागा याच घरात ठरलेली. तिने बॅग जमिनीवर ठेवली पण उघडली नाही. फरशीवर बसून रेवाचं डोकं मांडीवर घेतलं.

"काका, नक्की काय झालं, सांगा ना."

"सांगितलं ना फोनवर. ससा आधीच दुसरीकडून सुटला होता. मागून फेरेट बाहेर आलं आणि हिने धरलं. एका झटक्यात."

"फेरेटच्या गळ्यात घुंगरू असतं ना?"

"बिळात कुठेतरी अडकून तुटलं. दोरा जुना होता."

"म्हणजे ते आवाज न करता बाहेर आलं."

"आवाज नसला म्हणून काय झालं? समोर होतं तिच्या. दिसत होतं."

आसावरीने बॅग उघडून कापसाचा बोळा काढला आणि रेवाच्या नाकासमोर उंचावरून सोडून दिला. बोळा खाली पडला. रेवाने मान हलवली नाही. आसावरीने दुसरा बोळा सोडला, या खेपेला डाव्या बाजूने. मग छोटा टॉर्च काढून ती बराच वेळ रेवाच्या डोळ्यांत बघत राहिली. उजेड थेट पडूनही बाहुल्या मोठ्याच राहिल्या होत्या.

"काकू, तुम्ही तिकडे टेबलापाशी उभ्या राहा आणि हिला बोलवा," ती म्हणाली. उठता उठता तिने जेवणाच्या टेबलाजवळचं स्टूल वाटेत मधोमध ओढून ठेवलं.

"रेवा," सुमित्राने हाक मारली.

रेवा उठली आणि सरळ निघाली. ती स्टुलापाशी पोचायच्या आत सुमित्राने पाय पुढे करून स्टूल बाजूला सरकवलं.

तिघंही स्टुलाकडे बघत राहिले. रेवाने सुमित्राच्या पायांशी येऊन नाक घासलं.

"तुला माहीत होतं," नंदकुमार म्हणाले.

सुमित्राने पदर नीट केला. "ऑक्टोबरपासून. अंगणात नवीन टाकी ठेवलीत ना, त्या दिवशी जाऊन आपटली. मग लक्ष ठेवलं."

"आणि बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही आसावरीला ऑक्टोबरमध्येच बोलावलं असतंत."

नंदकुमार खुर्ची ओढून बसले.

आसावरी हळू आवाजात बोलत होती. डोळ्याच्या मागचा पडदा झिजत जातो. हा रोग रक्तातून येतो. आईबाप दोघांकडून आला तरच पिल्लू आंधळं होतं, पण जवळच्या नात्यात वीण घेतली की तसं घडायचा धोका वाढतो.

"तुम्ही जवळच्या नात्यात मेटिंग केलं होतं, काका?"

"बापाला लेक दिली होती. दोनदा. लाइन पक्की व्हायला." ते फरशीकडे बघत होते. "पण ही तर आता पाच वर्षांची आहे. तीन हिवाळे उत्तम काम केलंय हिने. आंधळं कुत्रं कसं करेल?"

"एकदम नाही जात. आधी अंधारातलं जातं. संध्याकाळी, कमी उजेडात दिसेनासं होतं. कधी कधी वर्षाच्या आतच. दिवसाचं दिसणं हळूहळू जातं. तोवर ती कानांवर काम करायला शिकतात."

बाहेर छपराच्या कडेवरून बर्फाचा तुकडा घसरून पडला. रेवाचे कान तिकडे वळले.

"संध्याकाळी," नंदकुमार म्हणाले.

आसावरीला त्या पारखेविषयी माहीत नव्हतं, म्हणून तिने नुसतंच त्यांच्याकडे पाहिलं. सुमित्राला माहीत होतं.

"मी संध्याकाळी निवडायचो," ते म्हणाले. "जी उभी राहिली, ती ठेवली. जी धावली..." ते थांबले. "जी धावली, त्यांना दिसत होतं."

ते उठून मागच्या दाराशी गेले. दाराच्या काचेतून कुंपणापर्यंतची बाग दिसायची. एकदा त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला, मग काढून घेतला.

"काका, इंजेक्शन मी परत नेतेय," शेवटी आसावरी म्हणाली. "ही फेरेट मारणारी कुत्री नाही. हिला ते ससाच वाटलं. बापाकडूनही हा रोग आला असेल तर पोटातल्यांचेही डोळे जातील, नाहीतर ती नुसती कॅरियर होतील, म्हणजे स्वतःला दिसेल पण रोग पुढे नेतील. जन्मल्यावर टेस्ट करता येईल."

"येऊ देत पिल्लं," सुमित्रा म्हणाली.

नंदकुमार वळले नाहीत.

दाराशी बूट चढवताना आसावरीने विचारलं, "तुम्ही या लाइनची पिल्लं कुणाकुणाला दिलीत, काका? त्यांना सांगावं लागेल."

दुपारी जेवण झालं नाही. भात तसाच राहिला. नंदकुमारांनी फोन लावला तो पेनसिल्व्हेनियातल्या अर्लला. रेवाची सख्खी बहीण त्याने नेली होती. स्पीकरवरून त्याचा खणखणीत आवाज घरभर पसरला.

"डॉक्! तुमचीच आठवण काढत होतो. काय कुत्री दिलीत हो! खांबासारखी उभी राहते. असं कुत्रं माझ्या बापाकडेही नव्हतं. सगळे विचारतात, कुणी तयार केलं म्हणून."

नंदकुमारांचा अंगठा फोनच्या कडेवरून पुढेमागे फिरत राहिला.

"छान," ते म्हणाले. "छान वाटलं ऐकून. बरं, मी नंतर बोलतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

सुमित्रा समोर बसली होती.

"सांगितलं नाहीत."

"सांगेन. उद्या."

महिनोन् महिने सुमित्रा स्वतःही उद्यावरच ढकलत आली होती. टाकीवर आपटलेल्या कुत्रीला तिने कुशीत घेतलं होतं, तिच्या वाटेतल्या वस्तू उचलून ठेवल्या होत्या, आणि रोज सकाळी नवऱ्यासोबत तिला बागेत जाऊ दिलं होतं. ते मेलेलं फेरेट अजून मागच्या पायरीवर कागदात गुंडाळलेलं होतं.

तिने फोन आपल्याकडे ओढला आणि तोच नंबर पुन्हा लावला.

"अर्ल, मी सुमित्रा. डॉक्टरांची बायको." तिचं इंग्रजी नेहमी अडखळायचं, पण आज ती शब्द शोधायला थांबली नाही. तुमच्या कुत्रीचे डोळे तपासून घ्या, ती म्हणाली. आमचीचे गेलेत. रोग घराण्यातला आहे. पुढे तिच्यापासून पिल्लं घेऊ नका.

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. कुणीतरी तो बंद केला.

"तुम्हाला हे कधी कळलं?" अर्लने विचारलं.

"डॉक्टरांना आज कळलं," ती म्हणाली. "मला ऑक्टोबरात."

नंदकुमारांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"ऑक्टोबरात," अर्ल म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी लहान झाला होता. "मी थँक्सगिव्हिंगनंतर तिला माझ्या भावाच्या कुत्र्याकडे नेलं. तोही तुमच्याकडचाच. मागच्या आठवड्यात व्याली ती. सात आहेत. इथे खोक्यात झोपलीत." तो थांबला. "मॅम, मी काय करू यांचं?"

सुमित्राने नवऱ्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर या घरात कायम त्यांनीच दिलं होतं, आणि ते देताना कधी वेळ लावला नव्हता. आता ते टेबलावर दोन्ही हात उपडे ठेवून, तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. ती काय म्हणते याची वाट पाहत.

"काही करू नका," ती फोनमध्ये म्हणाली. "आम्ही दोघं तुमच्याकडे यायला निघतोय."