इस्त्री केलेली बिलं

लाँड्रीवाल्या काकांनी फाइल उघडली आणि मान वर न करता माझ्या पुढ्यात सरकवली. आत एकोणपन्नास बिलं होती. एकावरही सुरकुती नव्हती. सगळी काळी.

"चुरगळली होती, ताई. साहेबांपुढे तशी कशी न्यायची?"

करसल्लागाराच्या ऑफिसात मला कामाला लागून आठ महिने झाले होते. काकांना आयकराची नोटीस आली होती: दुकानाचा म्हणून दाखवलेला खर्च सिद्ध करा. सुनावणी आज साडेअकराला. सिद्ध झाला नाही, तर तो सगळा नफा धरला जाणार, आणि त्यावरचा कर दंडासकट भरायला वाफेचं मशीन विकावं लागणार.

काल त्यांनी बिलं टेबलावर ओळीने मांडली, हलू नयेत म्हणून खालच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवली, वर ओलं फडकं घातलं आणि रेशमावर फिरवतात तशी हलकी इस्त्री फिरवली. फडकं उचललं तेव्हा काकू शेजारीच होत्या. चाळीस वर्षांत कुणाचा रुमाल जाळला नाहीत, जाळायला हीच मिळाली का, एवढंच त्या म्हणाल्या.

त्या कागदावर शाई नसतेच. उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. छपाईही उष्णतेनेच होते. हे मला कॉलेजपासून माहीत होतं. बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, पैसे बँकेतून द्या, हे मी येईल त्याला सांगते. काकांना मात्र 'सगळी बिलं घेऊन या' एवढंच सांगितलं होतं.

ही बिलं देणाऱ्या साबणवाल्याला दुसरी प्रत मागायला फोन लावला. त्याने धंदा बंद करून वर्ष झालं होतं. पैसे रोख दिलेले.

"उन्हात धरलं तर दिसेल?" काकांनी विचारलं.

मी खिडकीशी धरून पाहिलं. "नाही, काका."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांनी घाई केली नाही, एकेक बिल उलटून पाहिलं. पट्टीखालची बोटभर कडा तेवढी पांढरी राहिली होती आणि तिथली ओळ स्पष्ट वाचता येत होती: धन्यवाद, पुन्हा या. एकोणपन्नास वेळा.

"रक्कम कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

काकांनी काळ्या भागावर, पांढऱ्या कडेच्या जरा वर, बोट ठेवलं. "इथं होती."

बाईंनी 'पुरावा नाही' अशी नोंद केली आणि फाइल परत दिली. काकांनी बिलं टेबलावर हलकेच आपटून कडा जुळवल्या. मग गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला नेतात तशी फाइल दोन्ही हातांवर आडवी धरून ते जिना उतरू लागले.