कांताच्या मशीनचे सहा स्क्रू

माझ्याकडे पाहण्यासारखं काही नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा काळा पोलादी तुकडा, एका टोकाला अधिकचं चिन्ह. ते टोक स्क्रूच्या डोक्यात घालायचं आणि त्याची मान पिरगाळायची, हा माझा धंदा. बाजारात मला बिट म्हणतात. अहिंसेवर बोलायला मला कोणी बोलावू नये.

जन्मही छळातलाच. मला लालबुंद होईपर्यंत भाजलं, तेलात बुडवलं, आणि मी काचेसारखा कडक होऊन मिजास करू लागताच पुन्हा बेतानं तापवून ती उतरवली. नुसतं कडक पोलाद पहिल्या ठोक्याला तुटतं, नुसतं मऊ पिळवटतं. मधलं ज्याला साधतं तो टिकतो. माणसांतही असे थोडेच असतात, आणि त्यांना बढती मिळत नाही.

१९९६ साली दिल्लीच्या चावडी बाजारातून मला कृष्णातने आणलं. मूळचा कोल्हापूरकडचा, निवृत्त हवालदार. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात चोवीस वर्षं गेलेली, आता नोएडाच्या एका नव्या सेक्टरात घर. देशाचा बाजार जगाला नुकताच उघडला होता आणि जगाने आधी आपली चकाकी पाठवली होती. दुकानात चाळीस-चाळीस चकचकीत बिटांच्या डब्या मांडलेल्या. कृष्णातने तिकडे पाहिलंही नाही. माझ्या टोकावर त्याने कानस घासली; ती नुसती घसरली. मग टोकावर एक स्क्रू बसवून मला आडवं धरलं. तो डुगडुगला नाही की पडला नाही. अर्धा तास हे चाललं तेव्हा दुकानदार म्हणाला, "फौजी साहब, बिट ले रहे हो या बहू देख रहे हो?"

त्याच वर्षी घरात कपडे धुण्याचं मशीन आलं. कपडे पिळताना ते बाल्कनीभर नाचायचं, आणि कृष्णातला नाचणारं यंत्र सहन होत नसे. लष्करात थरथरणाऱ्या गाडीचे स्क्रू सुटू नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना लाल गोंद लावतात. तो वाळला की स्क्रू आणि लोखंड एकजीव. कृष्णातने मशीनच्या वरच्या पत्र्याचे सहाही स्क्रू काढले, गोंद लावला आणि माझ्याकडून ते आवळून घेतले. काम रणगाड्याला शोभेल असं झालं. मशीन नाचतच राहिलं, फक्त आता एकही स्क्रू न गमावता.

मग झाकणाचं बटण बिघडलं. झाकण उघडलं की पिळणारं पिंप थांबायला हवं, ते थांबेना. कृष्णातची बायको कांता महिनाभर दुरुस्तीचं सांगत होती. बटण त्या सहा स्क्रूंच्या खाली होतं, आणि गोंद कोणी लावला हे कृष्णातला पक्कं ठाऊक होतं. तो दर रविवारी पुढचा रविवार सांगायचा.

अशाच एका रविवारी भर दुपारी, पिळता पिळता लाईट गेली. पिंप थांबलं. चादरीचं टोक पिंपाच्या कडेच्या फटीत गेलेलं दिसलं म्हणून कांताने झाकण उघडून हात घातला. लाईट आली.

चादरीने मनगटाला पीळ घातला आणि हात कोपरापर्यंत फटीत ओढून नेला. तो कडकड आवाज मी लाकडातून ऐकला होता, पत्र्यातून ऐकला होता. माणसातून पहिल्यांदाच ऐकला. कृष्णातने मेन स्विच पाडला तोवर ती मशीनवर वाकडी पडली होती, आणि पिंप तिचा हात धरून बसलं होतं. वरचा पत्रा काढल्याशिवाय ते उचलता येणार नव्हतं.

शेजारचे श्याम धावत आले. ते आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर सोडून इथे आलेले कारकून. त्यांनी आधी घरून अग्निशमन दलाला फोन केला, पण हा सेक्टर नक्की कुठे, हे पलीकडच्याला कळेना. मग त्यांनी आपली चाळीस बिटांची डबी आणली. घाबरलेला माणूस पुढ्यात येईल ते उचलतो. कृष्णातने पहिला बिट लावला, त्याची जिलबी झाली. दुसऱ्याचं टोक उडून श्यामच्या चष्म्यावर बसलं. तिसऱ्याने कोपऱ्यातल्या स्क्रूचं डोकंच खरवडून गोल केलं.

"वहिनी, बस दोन मिनिटं," श्याम म्हणत होते. हे त्यांनी पंधरा मिनिटांत सात वेळा म्हटलं.

कांताने मान वळवली. "अहो, ते तुमचं काळं आणा ना. बहू बघून आणलेलं."

मला ठोक्याच्या ड्रायव्हरमध्ये बसवलं. यावर हातोडा मारला की तो मारासरशी वळतो. पहिला घाव माझ्यातून स्क्रूत गेला, स्क्रूतून पत्र्यात, पत्र्यातून तिच्या मोडलेल्या हाडात. स्क्रू हलला नाही. ती हलली.

कृष्णातला तेव्हा आठवलं की लाल गोंद मारानं नाही, आगीनं मरतो. त्याने जाड खिळा सांडशीत धरून गॅसवर लाल केला आणि स्क्रूच्या डोक्यावर दाबला. रंग जळाला, धूर निघाला, पत्रा तापला. तिचा दंड त्याच पत्र्याला टेकलेला. कृष्णातने खिळा उचलला.

"भाजू दे," ती म्हणाली. "बोटं कळेनाशी झालीत मला."

त्याने पुन्हा दाबला. मग मी, मग हातोडा. कर्रकन आवाज करत पहिला सुटला. दुसरा, तिसरा. प्रत्येकाला एक डाग आणि चार घाव. चौथ्याला तिने पदर दातात धरला. पाचव्याला माझ्या टोकाचा एक कोपरा उडाला, पण तोही सुटला. सहावा म्हणजे तो डोकं खरवडलेला. त्यात मी नुसता गरगरलो. शेवटी कृष्णातने पहार घालून त्या स्क्रूभोवतीचा पत्राच फाडला.

पिंप उचललं, हात बाहेर आला. तेव्हा ती ओरडली.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. हात वाचला, एक बोट मात्र आजही वाकत नाही.

खंडेनवमीला कृष्णातने पाटावर हातोडा, पाने मांडले आणि मधोमध मला ठेवून वर झेंडूचं फूल वाहिलं. कांता डाव्या हाताने कुंकू लावायला वाकली आणि थांबली.

"याला कशाला पुजताय?"

"याने सोडवलं म्हणून."

"आवळलेही यानेच होते."

"त्याला फिरवलं कोणी?" कृष्णात हळूच म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

तो उठला. गीझर, पंखा, स्वयंपाकघरातली फळी असं करत घरात त्याच्या गोंदाचे अजून अकरा स्क्रू निघाले. गॅस पेटला, खिळा लाल झाला. पुरणपोळी दुपारी चारला वाढली गेली. अकराव्या स्क्रूला माझा दुसरा कोपरा गेला.

आता मी डब्यात पडून आहे. कृष्णातला मला फेकवत नाही. त्याला कोणीतरी सांगा, मला फेक. झिजलेला बिट घरात राहिला की घाईच्या वेळी कोणीतरी नेमका तोच उचलतं. तो घसरतो, स्क्रूचं डोकं फुटतं, आणि आत कोणाचा तरी हात असतो.