साहेबाला दिलेलं उत्तर

आटपाडीकडच्या माळावरची राणी शिरवळला शिकून जनावरांची डॉक्टर झाली. मेंढरामागं फिरणाऱ्या तिच्या घराण्यातली ती पहिलीच पदवी. पण कायमची नोकरी काही मिळेना, म्हणून दोन वर्षं ती मलकापुरात राहून एका औषध कंपनीसाठी गावोगाव हिंडली.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "दोनशे मेंढरांत आजारी मेंढरू कसं ओळखाल?"

पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण राणीला तिची आई, बनाबाई आठवली.

"कळप रवंथ करत बसला, की मी कडेकडेनं चालत जाईन. ज्याचं तोंड थांबलंय अन् कान पडलेत, त्याला आधी धरीन. मग थर्मामीटर."

"हे कुठं शिकलात?"

"आईकडं. ती मेंढरं राखते."

राणीची निवड झाली. कडेगावच्या नेमणुकीचं पत्र हातात पडताच ती कराडजवळच्या एका रानात गेली. तिथल्या शेतात लेंडीखतासाठी बनाबाईची मेंढरं बसवली होती. राणीनं सगळी हकिकत सांगितली.

"मला सही येत न्हाई, अन् साहेबाला माझं नाव सांगितलंस व्हय?"

"व्हय आये. कॉलेजात लय शिकले, पर त्या दिवशी तूच उपयोगी पडलीस."

बनाबाईनं कळपावरून नजर फिरवली. मग म्हणाली, "पल्याड एक लंगडतंय. चल, तुजा हात बगू दे मला."

राणीनं नवी चप्पल बांधावर काढली आणि आईच्या मागोमाग कळपात शिरली.