डाव्या पायाचा आर्मिंदो

१९९५ साल. बाबासाहेबांच्या जयंतीचा दुसरा दिवस. अर्विंगमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या ओट्यावर डाळीचं मोठं पातेलं उरलेलं होतं. डॅलसच्या आसपासची आमची सगळी मंडळी आदल्या दिवशी पार्कात जमली होती आणि माझा अंदाज नेहमीसारखा चुकला होता.

"अहो, खाली तो नवा माणूस राहायला आलाय, त्याला थोडी देऊन या ना," मी रामभाऊंना म्हटलं.

"तो काहून खाईल आपली डाळ? युरोपियन आहे तो, बाप्पा."

"एकटा आहे. खाईल."

रामभाऊ डाळ घेऊन गेले आणि त्या माणसालाच घेऊन वर आले. उंच, रुंद खांद्यांचा, कानांजवळचे केस पांढरे व्हायला लागलेले. नाव आर्मिंदो. गाव पोर्तुगालच्या उत्तरेला, समुद्रकाठी. तिथली निम्मी माणसं मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला. अर्विंगच्या सॉकर क्लबने त्याला आणलं होतं. टेक्सासात फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळायचा तो. आर्मिंदोच्या खेळाला फारसं कुणी विचारत नसे. पण आदल्या वर्षी अमेरिकेत वर्ल्ड कप झाला, काही सामने डॅलसलाही झाले आणि स्विमिंग पूल बांधून श्रीमंत झालेल्या एका गृहस्थांना क्लब काढायची हौस आली.

आर्मिंदो हॉलमध्ये उभा राहून भिंतीकडे बघत होता. बुद्धाची मूर्ती त्याने ओळखली. शेजारच्या फोटोतल्या चष्मा आणि कोट घातलेल्या माणसाकडे बोट करून त्याने मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, "तुमचे वडील?"

आमची मुलगी मैत्री तेव्हा सोळा वर्षांची होती. ती हसून काही सांगणार, तेवढ्यात रामभाऊ म्हणाले, "हो. आमचे वडीलच."

त्याने फोटोला मान लववली आणि तो जेवायला बसला.

"तुम्ही गोव्याचे?"

"नागपूरचे."

"माझे वडील सैनिक होते, गोव्यात. तुमच्या आर्मीने पकडलं. काही महिने कॅम्पात होते."

रामभाऊंचा हात भाताच्या वाडग्यावरच थांबला. "मग... जेवायला नीट दिलं होतं ना आम्ही?"

"डाळ. रोज डाळ. घरी परत आले, पण मरेपर्यंत त्यांनी डाळीला हात लावला नाही." आर्मिंदोने एक चमचा तोंडात घातला, जरा थांबला. "वडील खोटं बोलायचे. चांगली आहे."

तेव्हापासून तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. मला तो 'दोना कमला' म्हणायचा, म्हणजे आपल्याकडच्या कमलाताईंसारखंच. मैत्री त्याचं इंग्लिश सुधारायची आणि तो तिला पोर्तुगीज शिव्या शिकवायचा. "मॉम, इट्स कल्चर," असं ती मला ऐकवायची.

मी तेव्हा एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. माणसाच्या चालण्याकडे बघायची खोड घरी आल्यावरही सुटत नाही. आर्मिंदो जिना चढताना नेहमी उजवा पाय आधी वरच्या पायरीवर ठेवायचा आणि डावा मागून ओढून घ्यायचा. उतरताना डावा आधी. कठड्याला हात असा लावायचा की बघणाऱ्याला वाटावं, सहज लावला आहे.

एका रविवारी रामभाऊ आणि मैत्री बाहेर गेले होते, तेव्हा मी विचारलं. "डावा गुडघा कधी गेला?"

तो हसला. मग त्याने दाराकडे पाहिलं. "कुणी विचारत नाही मला. मी डाव्याने गोल मारतो ना. ज्या पायाने गोल मारतो तो खराब असेल, असं कुणाच्या मनात येत नाही."

मला ते लगेच कळलं. किक मारणारा पाय हवेत असतो. शरीराचा सगळा भार, सगळं वळणं दुसऱ्या पायावर, जो जमिनीत रोवलेला असतो त्याच्यावर. फाटलेल्या लिगामेंटचा गुडघा किक मारू शकतो. रोवलेला मात्र राहू शकत नाही.

"म्हणजे तू मुळात..."

"उजवा. जन्मापासून उजवा." त्याने उजव्या मांडीवर थाप मारली. गावाकडून सीमेपलीकडे स्पेनमध्ये गेला, तिथून फ्रान्सला, मग स्वित्झर्लंडला. दर वेळी क्लब आधीच्यापेक्षा लहान. स्वित्झर्लंडमध्ये दुसऱ्या दर्जाच्या एका सामन्यात डावा पाय गवतात अडकला आणि शरीर वळलं. ऑपरेशन झालं, तेही धड झालं नाही. क्लबने निरोप दिला. मग तिशी ओलांडलेला हा माणूस वर्षभर गावात, मासळीच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारत राहिला. बायको लुर्देस त्याच कारखान्यात कामाला होती. ती जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून बघायची.

"आणि मग अमेरिका," तो म्हणाला. "इथे मला उजव्याने खेळताना कुणी पाहिलेलं नाही."

"तुझ्या क्लबला मी काही सांगणार नाही. पण शेजारीण म्हणून सांगते, आता थांब. एखाद दिवशी त्या पायावर वळशील आणि मग आयुष्यभर काठी."

"थांबून काय करू, दोना कमला? दुसरं काय येतं मला?"

पुढच्या वर्षी नवं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, तेही दोन वर्षांचं, तर लुर्देस आणि मुलगी बिया इकडे येणार होत्या. कॉन्ट्रॅक्ट नाही तर व्हिसा नाही. बिया आठ वर्षांची होती आणि ते गावातलं एक वर्ष सोडलं तर बाप तिला सुट्टीत घरी येणारा पाहुणा म्हणूनच माहीत होता. फोनवर त्याने तिला सांगून ठेवलं होतं की आपल्या घराला स्विमिंग पूल आहे. पूल अपार्टमेंटमधल्या सगळ्यांचा होता आणि मॅनेजर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. ओकची पानं पाण्यावर कुजत पडायची.

मी त्याला पाण्यात चालण्याचा व्यायाम दिला. रोज सकाळी तो छातीभर पाण्यात येरझाऱ्या घालायचा, मग बाहेर येऊन लांब दांड्याच्या जाळीने पानं काढायचा. कोपऱ्यातली, पायऱ्यांखालची, सगळी. मी वरून म्हणायची, "अरे, पगार देतात का तुला?" तो म्हणायचा, "मुलगी येणार. पाणी स्वच्छ पाहिजे."

त्या उन्हाळ्यात त्याने भरपूर गोल मारले. शाळेच्या मैदानावर सामने व्हायचे, बघायला मेक्सिकन कुटुंबं आणि आम्ही. रामभाऊंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण "मार ना बाप्पा, मार!" असं ओरडायला ते कधी चुकले नाहीत. गावच्या पेपरात त्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'पोर्तुगालचा डावा पाय'. रामभाऊंनी तो कापून फ्रिजवर लावला. आर्मिंदो तो फोटो दिसणार नाही अशा खुर्चीत बसायचा.

सप्टेंबरच्या एका रविवारी त्याने ताटाला हात लावला नाही.

"काय झालं रे? पोट बिघडलं?"

"नवा कोच येतोय. एस्कुदेरो. तोच ठरवणार कुणाला ठेवायचं. स्पेनमध्ये गोलकीपर होता." तो भात चिवडत राहिला. "मी त्याच्यावर पेनल्टी मारली होती."

"मग? गोल झाला?" रामभाऊंनी विचारलं.

"झाला."

"मग घाबरतो काहून?"

"उजव्या पायाने झाला." त्या दिवशी रामभाऊंना आणि मैत्रीला पहिल्यांदा कळलं. "तोंड विसरतील, नाव विसरतील. गोलकीपर पाय विसरत नाही."

मैत्रीने हळूच उठून फ्रिजवरचा कागद काढला.

चाचणी शनिवारी दुपारी होती. ऊन असं की मैदानावरची हवा हलताना दिसावी. मी त्याच्या गुडघ्याला टेप बांधून दिला, वरून लांब मोजे. बांधताना म्हटलं, "उजव्याने मारायला सांगितलं तर नाही म्हण. डाव्या पायावर वळायचं नाही. ऐकतोस ना?"

"ऐकलं," तो म्हणाला. ऐकतो म्हणाला नाही.

आम्ही कुंपणाशी उभे राहिलो. तासभर तो चांगला खेळला, सगळं डाव्याने. एस्कुदेरो पन्नाशीचा, पोट सुटलेला, टोपी डोळ्यांवर ओढून गप्प उभा होता. शेवटी शिट्टी वाजवून त्याने सगळ्यांना थांबवलं आणि आर्मिंदोला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं, आलं असतं तरी भाषा कळली नसती. एवढंच दिसलं की एस्कुदेरोने स्वतःच्या उजव्या मांडीवर दोनदा हात मारला. मग तो आपल्या बॅगेपाशी गेला आणि हातमोजे काढून घालू लागला.

"हा म्हातारा स्वतः उभा राहतो का काय?" रामभाऊ म्हणाले.

क्लबचे पूलवाले मालक खूश झाले. त्यांना गंमत वाटली. ते टाळ्या वाजवत खेळाडूंना बाजूला करू लागले.

एस्कुदेरो दोन खांबांमध्ये जाऊन उभा राहिला, गुडघ्यांत वाकला. आर्मिंदोने चेंडू ठेवला. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तो मागे गेला, आणि मी बघितलं की तो डावीकडे सरकून उभा राहतोय, उजव्या पायाचा माणूस उभा राहतो तसा.

"बाप्पा," रामभाऊ हळूच म्हणाले. ओरडले नाहीत.

सगळा उन्हाळा मी त्याला धावताना पाहिलं होतं, पण असं नाही. त्या चार पावलांत कुठलाही हिशोब नव्हता. डावा पाय चेंडूशेजारी रोवला गेला आणि उजवा आला. एस्कुदेरो एका बाजूला पडला, चेंडू दुसऱ्या बाजूने जाळीत गेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक ओरडले, "दोन्ही पाय! या माणसाला दोन्ही पाय आहेत!"

आर्मिंदो हलला नाही. डावा पाय चितारल्यासारखा गवतावर होता आणि टेपवरचा मोजा एका बाजूला ओढला गेला होता. पडला नाही, एवढंच. तो पडणार नाही यासाठी त्याला किती जोर लावावा लागत होता, ते माझ्याशिवाय त्या मैदानावर आणखी एकाच माणसाला कळलं. एस्कुदेरो उठला, हातमोजे काढत शांतपणे चालत आला आणि त्याने आर्मिंदोच्या काखेत आपला खांदा घातला. लांबून वाटावं, दोन जुने दोस्त गळाभेट घेताहेत. तसेच ते बाकापर्यंत आले.

घरी येताना रामभाऊ गाडी चालवत होते. आर्मिंदो मागच्या सीटवर पाय लांब करून बसला होता. गुडघा आतापासूनच फुगला होता.

"काय म्हणाला रे तो?" रामभाऊंनी आरशात बघत विचारलं.

"म्हणाला, त्या वेळीही मी याच बाजूला पडलो होतो." तो थोडा हसला. "मग विचारलं, गुडघा कधीपासून असा आहे. मग म्हणाला, मला धावणारी माणसं लागतात, तुला घेता येणार नाही. मालकाला मी सांगतो, तू बोलू नकोस."

"तर मग मारलास काहून उजव्याने? डाव्यानेच मारायचा."

"डाव्याने मारला असता तरी त्याला कळलंच असतं." आर्मिंदो खिडकीबाहेर बघू लागला. मग म्हणाला, "आणि किती वर्षांत मारला नव्हता, राम."

त्या संध्याकाळी त्याने घरी फोन केला. आमच्याच फोनवरून. लुर्देसशी तो थोडंच बोलला. मग बिया आली असावी, कारण त्याचा आवाज बदलला. मैत्रीला थोडं पोर्तुगीज कळायला लागलं होतं. ती उठून आपल्या खोलीत गेली. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "शी आस्क्ड अबाउट द पूल, मॉम. त्याने सांगितलं, थंडीत बंद असतो."

ऑक्टोबरमध्ये तो गेला. जायच्या दिवशी सकाळी मी खाली पाहिलं, तर तो कुबड्या मांडीवर घेऊन पूलच्या काठाशी बसला होता आणि रामभाऊ ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या वर करून जाळी फिरवत होते.

"तिकडे, राम. कोपऱ्यात. पायऱ्यांखाली."

"दिसलं बाप्पा, दिसलं. तू सुपरवायझर आहेस का?"

क्लब पुढच्या वर्षी बंद पडला. मालक आपल्या धंद्याकडे परतले. त्यांनी बांधलेले पूल अर्विंगमध्ये अजून असतील. एस्कुदेरो टेक्सासातच राहिला आणि एका शाळेत मुलींना शिकवत राहिला, असं कुणीतरी सांगितलं. मॅनेजरने आमच्या पूलमध्ये पुढे माती भरली आणि तिथे गाड्या लावायची जागा केली. तोवर रामभाऊ शनिवारी सकाळी जाळी घेऊन खाली जायचे. कशाला जाता, असं मी कधी विचारलं नाही. २०१२ साली ते गेले. मी आता मैत्रीकडे ॲन आर्बरला असते.

लुर्देस कारखान्यातूनच निवृत्त झाली. बिया शिकून पोर्टोत नोकरीला लागली. अमेरिका तिने पाहिली नाही. आर्मिंदो मासळीच्या लिलावाच्या बाजारात बर्फाच्या पेट्या उचलायचं काम करायचा, गुडघ्याने साथ दिली तोवर. नाताळात त्याचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "राम कसा आहे?" राम गेले त्या वर्षी त्याने तो प्रश्न विचारला नाही, त्याला मैत्रीने आधीच कळवलं होतं. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाला, "दोना कमला, आज घरी डाळ केली आहे."

त्यानंतर काही वर्षांनी मैत्री कामासाठी तिकडे गेली, तेव्हा त्याला भेटून आली. डाव्या पायात आता धातूचा गुडघा आहे आणि हातात काठी. तो तिला समुद्रावर फिरायला घेऊन गेला. वाळूत पोरं खेळत होती. त्यांचा चेंडू घरंगळत या दोघांच्या पायाशी आला. आर्मिंदोने काठी मैत्रीच्या हातात दिली, उजवा पाय वाळूत नीट रोवला आणि चेंडू डाव्या पायाने परत दिला.