उजवा, उजवा, ढम्म

खंडोजी मास्तरांनी विद्यापीठाच्या बँडमध्ये मुलींना घेतलं, तेव्हा नयनाच्या गळ्यात ड्रम आला आणि पायांत मास्तर शिरले. मोठ्या ड्रमचा ठोका पडला की डावा पाय, हे त्यांनी तिच्यात इतकं मुरवलं, की मल्लेश्वरमच्या बाजारात कुणी पिंप आपटलं तरी तिचा डावा पाय उचलला जाई. दुसरा धडा असा, की चुकलात तरी थांबायचं नाही. एक बारीक उडी मारून पाय बदलायचा आणि चेहरा असा ठेवायचा, की बाकीचेच चुकलेत.

अठ्ठावन्न साली तिचं विद्याधरशी लग्न ठरलं. तो बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. तिच्याकडे बघत, म्हणून बहुतेकदा बेसूर. त्याच्या आईनं, विठाबाईंनी, नाक मुरडतच होकार दिला. "पोरांबरोबर ढोल बडवत फिरणारी मुलगी. बघू, माझा उंबरा कुठल्या पायानं ओलांडते," असं त्यांनी चामराजपेटच्या अख्ख्या गल्लीला ऐकवून ठेवलं.

नयना धास्तावली. आठवडाभर तिनं माहेरच्या उंबऱ्यावर उजवा पाय घोटला.

वरात दाराशी आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप. उजव्या पायानं हलकेच लवंडलं की झालं. 'उजवा, उजवा' असं घोकत नयना पुढे झाली, आणि मागे मास्तरांचा हात वर गेला. लग्नाची भेट म्हणून ते सगळा बँड घेऊन आले होते.

ढम्म.

डावा पाय उचललाच गेला. विठाबाईंच्या भुवया चढताना तिला स्वच्छ दिसल्या. आता दुसरा धडाच तारणार होता. तिनं डावा पाय उंबऱ्याच्या अलीकडे टेकला, शालूसकट उडी घेतली आणि उजव्यानं असा टोला हाणला, की माप थेट स्वयंपाकघरात गेलं. तांदूळ लग्न लावणाऱ्या भीमाचार्यांच्या शेंडीत, विहीणबाईंच्या कॉफीत, कुठे कुठे. चेहरा मात्र मास्तरांनी शिकवला तसा.

विठाबाईंनी ओठावरचा तांदूळ टिपला.

"ही कसली गं रीत?"

"तुमच्याकडे नाही?" नयनानं विचारलं.

गल्लीदेखत रीत ठाऊक नाही म्हणायची सोय नव्हती. विठाबाईंनी पदर सारखा केला. "आहे की. म्हटलं, तुला कुणी सांगितली?"

पुढे सदुसष्टात धाकटी सून कावेरी त्याच दारात उभी राहिली. विठाबाई तिला समजावत होत्या. "आधी डावा, मग उडी, मग उजवा. आपल्या घराण्यात असंच येतात. हो ना गं नयना?"

"हो, सासूबाई," नयना पदर तोंडात कोंबून म्हणाली.

"स्वल्प जोरात हं, कावेरी. नयनाचं माप चुलीपाशी गेलं होतं."

कावेरीनं उडी घेतली, तांदूळ उधळले. खुर्चीत बसलेल्या, केस पिकलेल्या मास्तरांनी मिशीतले दाणे झटकले आणि नयनाकडे वळून, बँडच्या कवायतीत सांगत तसं, हळूच म्हणाले, "पाय बरोबर पडले. पण हात हलले नाहीत."

विठाबाईंचे कान तिखट. "ऐकलंस, कावेरी? जा, परत बाहेर जा."