दत्तोबाआबांची सहल

आधीच सांगतो, अपहरण ह्यो शब्द आमच्यात कुणी काढलाच न्हवता. अविराज म्हणला, "आबांना एक दिवस सहलीला न्यायचं." आता सहल म्हणल्यावर माणसाच्या डोळ्यापुढं काय येतं? थंड हवा, भजी, फोटो. मी म्हणलो, जमतंय की. आमच्याकडं मतदानाच्या तोंडावर मेंबर सहलीला जात्यातच. फरक एवढाच, की ते आपल्या पायानं जात्यात.

अविराज म्हंजी शेळगावातल्या आमच्या दूध संस्थेचा चेअरमन. त्याच्यावर अविश्वास ठराव आला हुता. संचालक सात. ठराव मंजूर व्हायला पाच हात वर पायजेत, आन इरोधात हुते बरोब्बर पाच. त्यातला पाचवा हात दत्तोबाआबांचा. बुधवारी अकराला मिटिंग. आबा आले न्हायती की ठराव पडला, इतकं सरळ काम.

तुमी म्हणाल, रामहरी, तुझं ह्यात काय? माझी हाय पिकअप, मी मक्याची वैरण वाहतो, मला चेअरमन कोण का असंना. पण माझी पोरगी सुकन्या त्या संस्थेत दुधाची फॅट बघती. बी.एस्सी. झालीय. तीन वरसं झाली, पहाटं सहाला काउंटरवर उभी ऱ्हाती, एक दिवस खाडा न्हाय, आन अजून रोजंदारीवर. तिची आई गेल्यापासनं मी देवाला एकच मागतोय, पोरगी कायम होऊ दे. अविराजनं माझ्यासमोर बेलभंडारा उचलला. "रामहरी, संस्थेत एकच जागा निघतीय, ती सुकन्याची. मी ऱ्हायलो तर." बेलभंडारा उचलल्यावर आमच्यात माणूस फिरत न्हाय. निदान तवा तरी मला असंच वाटत हुतं.

माझ्या जोडीला दिला ऋषिराज. ह्यो लोणी देवकरच्या एमआयडीसीत लेबर पुरवतो, उन्हात बी आन सावलीत बी गॉगल घालतो, आन मोबाईलवर गुन्हेगारीच्या मालिका बघून स्वतःला लई मोठा समजतो. मंगळवारी सकाळी आला तो दोरी, चिकटपट्टी आन काळं जॅकेट घेऊन. मे महिना, डोक्यावर ऊन तापलेलं, आन जॅकेट!

म्या म्हणलं, "दोरी कशाला? आबांना म्हैस बघायला न्यायची म्हणायचं, झालं."

कारण दत्तोबाआबांची ती ख्यातीच हाय. पंचक्रोशीत कुणाला म्हैस घ्यायची असली की आबांना आधी घेऊन जात्यात. आबा शिंगं बघणार, कास दाबणार, पाठीवर थाप मारणार, मग 'घे' नायतर 'सोड' म्हणणार. ते डेअरीत दूध घालून बाहेर पडले आन मी गाडी आडवी घातली. "आबा, पिंपळीला एक म्हैस हाय, जरा बघता का?"

"चल की," म्हणले, आन दार उघडून पुढच्या सीटवर बसले बी. ऋषिराजला मागं वैरणीच्या गोण्यांवर बसावं लागलं, दोरी मांडीवर घेऊन.

पिंपळीला ऋषिराजच्या सासऱ्याचं बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड हाय. तितं गेल्यावर आबांनी सगळीकडं नजर फिरवली. "म्हैस कुठं हाय रं?"

ऋषिराज गॉगल नीट करून म्हणला, "म्हैस न्हाय म्हाताऱ्या. उद्या बारापत्तुर हितंच ऱ्हायचं."

आबा माझ्याकडं बघायला लागले. "रामा, मला पळवलाय व्हय?"

मला लई वशाळल्यागत झालं. "पळवला म्हणू नका आबा. जरा थांबवलाय."

"मंग च्या तरी आण. बिनसाखरंचा."

ऋषिराज च्या आन वडापाव आणायला गेला तवा म्या आबांना सगळं सांगून टाकलं. सुकन्याची जागा, बेलभंडारा, समदं. माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय. आबांनी ऐकून घेतलं, बराच वेळ टोपी हातात फिरवली आन एवढंच म्हणले, "पोरगी कामाची हाय तुझी." म्या म्हणलं, मोठा माणूस, रागावला बी न्हाय.

तीन वाजेपत्तुर सगळं बरं चाललं. मग आबा उठून दारापत्तुर येरझाऱ्या घालायला लागले. "रामा, ताराची धार कोण काढणार?"

तारा म्हंजी त्यांची म्हैस. आता मुद्दा ध्यानात घ्या. तारा आबांबिगर कुणाला पान्हा सोडत न्हाय. गेल्या दिवाळीला कुशाबाई, म्हंजी आबांची मालकीण, धार काढायला बसली तर तारानं लाथ घालून मनगट मोडलं तिचं. "धार चुकली की कास दगडावाणी हुईल," आबा म्हणले. "दगडी झाली की म्हैस गेली कामातनं. माझं काय करायचं ते करा, मुक्या जनावरानं तुमचं काय केलंय?"

मी बघतोय ऋषिराजकडं, ऋषिराज बघतोय माझ्याकडं. शेतकऱ्याची पोरं आमी. माणूस कोंडून ठेवायला काय वाटलं न्हवतं, पण म्हैस तुंबली म्हणल्यावर दोघं बी ताडदिशी उठलो. ऋषिराजनं गॉगल काढला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

म्या म्हणलं, "दुसरं आसं, की आबांचं दूध संध्याकाळी डेअरीला आलं न्हाय तर गाव शोधायला निघंल. वीस वरसांत एक येळ चुकली न्हाय त्यांची."

तर ठरलं असं, की मी आबांचा शर्ट आन टोपी घालून जायचं. वासानं म्हैस फसती, हे कुणाला बी ठाऊक हाय. आबांनी शर्ट काढून दिला आन बजावलं, "आधी कपाळ खाजव. 'बाय माझी' म्हण. आन तंबाखूच्या हातानं कासंला शिवू नको." उघड्या अंगानं बसले म्हणून ऋषिराजनं आपलं काळं जॅकेट त्यांच्या अंगावर टाकलं. मी निघताना वळून बघितलं तर आबाच टोळीचे म्होरके दिसत हुते.

पाऊण तासात शेळगाव गाठलं. मागच्या वाटंनं गोठ्यात शिरलो, ताराचं कपाळ खाजवलं, खाली बसलो. तेवढ्यात पाठीमागनं कुशाबाईचा आवाज. "आलात व्हय? जेवलात का कुठं?"

म्या मागं न वळता म्हणलं, "हं."

काकी दोन पावलं पुढं आल्या. मग म्हणल्या, "आमचे हे कधी 'हं' म्हणत न्हायती. आमचे हे अंगावर येत्यात. कोण हाय रं तू?"

वळलो. दुसरं काय करणार?

"रामहरी? ह्यांचा शर्ट तुझ्या अंगात कसा?"

"काकी, आबा पिंपळीला म्हैस बघायला गेल्यात."

"बिनशर्टाचे?"

तेवढ्यात ताराला बी संशय आला असणार, तिनं बादलीला अशी लाथ घातली की बादली उकिरड्यावर. मी तितंच शेणात फतकल मारली आन सगळं भडाभडा ओकलो. काकींनी कमरंला पदर खोचला.

"पोलिसात जाऊ का गोठा बघू? आधी गोठा. सहाच्या आत माणूस दावणीपाशी उभा कर. एक मिनिट उशीर झाला तर तुझ्या पोरीसमोर तुझं नाव घेऊन गाव गोळा करीन." आन वर, जाताना आबांची बीपीची गोळी माझ्या खिशात घातली. "दुपारची ऱ्हायली असंल. तुमाला काय, उचलायचं तेवढं ठाऊक."

पिंपळीला परत आलो तर शेडात वातावरण पार बदललेलं. ऋषिराज दारात दोरी घेऊन उभा.

"काय रं रामहरी, जागा तुझ्या पोरीला व्हय?"

"व्हय. का?"

"अविराजनं बेलभंडारा उचललाय माझ्यासमोर! जागा माझ्या बायकूला म्हणून. राजलक्ष्मीला."

मागं आबा जॅकेट पांघरून खाटेवर बसलेले. म्हणले, "म्या काय केलं न्हाय. ह्याला नुसतं इचारलं, तू कशापायी ह्यात पडलास. ह्यानं सांगितलं. मंग म्या रामाचं सांगितलं. येळ जाईना माझा."

"खोटं बोलतोयस तू," ऋषिराज माझ्यावर वरडला.

"मी? तूच बायकूचं लपवून ठेवलंस!"

"तू पोरीचं सांगितलं हुतंस का?"

ते बी खरंच हुतं. शेवटी ऋषिराजनं स्पीकरवर फोन लावला. "चेअरमन, जागेचं पक्कं ना?"

"राजलक्ष्मीचीच की," अविराज म्हणला. "त्या रामहरीला बोलू नको फक्त. त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाय."

मग म्या माझ्या फोनवरनं लावला. "सुकन्याची जागा, रामहरी. देवाशप्पथ. ऋषिराजपासनं जरा संभाळून, हलक्या कानाचं हाय ते बेणं."

ऋषिराजचं तोंड बघण्यासारखं झालं. आबांचा फोन ऋषिराजनं सकाळीच काढून घेतला हुता; आबांनी हात पुढं केला. "माझा फोन द्या बरं. मी बी इचारतो." आन लावला बी. "अविराज, दत्तोबा बोलतोय. तुझ्या सहलीवरनं."

पलीकडनं एकदम मधाळ आवाज. "आबा! राग मानू नका. उद्या तेवढं घरी ऱ्हावा. संस्थेत एक जागा निघतीय, तुमच्या सुनंला..."

आबांनी फोन कट केला. एका जागेवर तीन माणसं बसवायची कला फकस्त चेअरमनलाच जमती.

मग सुरू झाला खरा तमाशा. मला वाटायला लागलं, ऋषिराज आबांना घेऊन एकटाच सटकणार आन सगळं माझ्यावर घालणार. त्याला वाटायला लागलं, मी काकींना आधीच सांगून आलोय. (आलोच हुतो.) त्यानं माझ्या गाडीची चावी काढून घेतली. म्या त्याची दोरी काढून घेतली, काय उपयोग हुता देव जाणे. तो मुतायला गेला तर म्या मागं गेलो, मी गेलो तर तो मागं. आबांवर लक्ष ठेवायला कुणीच न्हवतं, आन आबा शेडाबाहेर गाडीत जाऊन बसले हुते.

"भांडा रं पोरांनो," आतनं म्हणले, "पण गाडी चालवता चालवता भांडा. पाच वाजल्यात."

आबांना त्यांचा शर्ट, टोपी आन काकींची गोळी दिली. मधी आबा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ऋषिराज. चावी त्यानं लावली, गाडी म्या चालवली. सहाला दहा कमी असताना आबा दावणीपाशी पोचले. तारानं मान हलवली, हंबरली, आन आबांनी तिच्या कपाळाला हात लावला तसा पान्हा सोडला बघा. मी बघत उभा ऱ्हायलो, आन मला रडूच आलं. का ते मला तवा कळलं न्हाय.

आबांनी कॅन उचलली आन डेअरीत गेले. मी मागं. काउंटरवर सुकन्या.

"आबा, आज उशीर?"

"पिंपळीला म्हैस बघायला गेलतो."

"कशी होती?"

"म्हैस न्हवतीच गं. दोन रेडं हुते नुसते." माझ्याकडं न बघता म्हणले. पोरगी हसली, तिनं फॅट बघितली, पावती दिली. मला वाटलं, सुटलो. आबा उद्या हात वर करणार, अविराज जाणार, जागा बी गेली, पण अब्रू तरी वाचली.

दुसऱ्या दिवशी अकराला मिटिंग. मी खिडकीबाहेर उभा. आत सुकन्या इतिवृत्त लिहायला बसलेली. ठराव मोठ्यानं वाचायला सुरुवात झाली. कारण पहिलं: "चेअरमन यांनी संस्थेच्या कर्मचारी कुमारी सुकन्या रामहरी यांना संचालकांनी दोनदा लेखी मागणी करूनही तीन वर्षे कायम केले नाही." सूचक, दत्तोबा.

म्या खिडकीचा गज धरला. ठरावात काय लिहिलंय ते आमी कुणी वाचलंच न्हवतं. नोटीस आठ दिवस अविराजच्या खिशात हुती. त्यानं वाचली हुती. वाचून मला बेलभंडारा दाखवला, आन माझ्या पोरीसाठी भांडणारा एकच माणूस माझ्याच हातानं उचलायला लावला. मेल्याचं तोंड बघत ऱ्हायलो मी, तर तो सरळ मोबाईल बघत हुता.

पाच हात वर झाले. सुकन्यानं स्वतःचं नाव लिहिता लिहिता वर बघितलं. खिडकीत मी. एवढी हसली पोरगी, माझ्या उभ्या जन्मात तशी हसलेली बघितली न्हवती. मला मान वर करवंना.

मिटिंग सुटल्यावर आबांना गाठलं. "आबा, काल शेडात का सांगितलं न्हाय?"

"पळवून आणलेल्या माणसाचं तू खरं मानलं असतंस व्हय? म्हणला असतास, म्हातारं सुटायला थापा मारतंय." चप्पल घालत म्हणले, "मी कुणाला सांगणार न्हाय. पोरीला तू सांग."

त्याच संध्याकाळी सांगितलं. पोटात ऱ्हात न्हाय माझ्या, पण ह्या येळी तसं न्हवतं. ती भाकरी थापत हुती. शेवटपत्तुर ऐकलं. वरडली न्हाय, रडली बी न्हाय. तव्यावरची भाकरी उलटली आन म्हणाली, "आप्पा, तीन वर्षं मी रोज सहाला जाते. माझं काम बघून कुणी मला कायम करेल, असं तुमाला एकदा बी वाटलं नाही?"

वाटलंच न्हवतं.

आता ती कायम झालीय. सकाळी निघताना माझा च्या झाकून ठेवती, बिनचूक. आधी मी पिऊन होईस्तवर समोर बसायची.